शेवटचा स्वार

आमच्याकडे आयोवात घोड्यांवरून फिरणाऱ्यांचा नियमच आहे: शेवटचा माणूस खोगिरावर बसेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तो शेवटचा नेहमी माझा नवरा, मर्ल. कुरकुरत चढायचा आणि बोंबलायचा, "बसलो एकदाचा, चला!"

मर्ल हिवाळ्यात वारला. यंदा घोडेस्वारांच्या नेहमीच्या उद्यानातल्या तळावर मी एकटीच आले. खोगिरावर बसले, तर माझी घोडी बर्डी हलेचना. कान मागे करून उभी.

"टाच मार की तिला!" शेजारच्या तंबूपाशी बेकन परतणारा, दरवर्षी आमच्याबरोबर फिरणारा लोवेल ओरडला.

"तू तुझं बेकन बघ! ती थांबलीये कुणासाठी तरी."

लोवेलनं तवा खाली ठेवला. मग घसा खाकरून हुबेहूब मर्लसारखा गरजला, "बसलो एकदाचा, चला!"

बर्डी मुकाट निघाली.

मी मात्र वळून पाहिलं.