शेजाऱ्यांना विचारून दिलेली बढती

रिगोबेर्तो यानेसचं नाव मेजरपदासाठी गेल्याचं कळलं, त्या दिवशी कॅप्टन एलिसेओने कॉफी तशीच मोरीत ओतली. दोघं एकाच दिवशी गुप्त पोलिसांत लागले, परके हेर दोघांनी मिळून पकडले. पण पदक त्याला, गाडी त्याला, आणि नेरेइदासारखी हसरी बायकोही त्यालाच. एलिसेओ आतल्या आत जळत होता.

त्यात चौकशी त्याच्याच गळ्यात पडली. बढतीआधी माणसाच्या गल्लीत जाऊन शेजाऱ्यांना विचारायचं, असा खात्याचा रिवाज. गल्लीच्या समितीची अध्यक्ष झेनाइदाबाई दारात तांदूळ निवडत होती.

"रिगोबेर्तो ना? सोन्यासारखा माणूस. लिही तसंच."

"काही खोट?"

"काढायचीच म्हटली तर संतातही निघेल, कॅप्टन!"

खोट एलिसेओलाच ठाऊक होती. नेरेइदाची बहीण शत्रूच्या देशात, मायामीला, पळून गेली होती आणि तिची पत्रं चोरून यायची. अधिकाऱ्याच्या घरात हे चालत नसे. घरचा माणूस समजून नेरेइदानेच त्याला ती वाचून दाखवली होती. त्याने अहवालात तेवढंच लिहिलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

रिगोबेर्तोची वर्दी उतरली. पंधरवड्याने कर्नलने एलिसेओला बोलावलं. आता मेजर आपणच, म्हणून तो बूट चकचकीत करून गेला.

"पत्रांचं कळलं कधी?"

"चौकशीत, कॉम्रेड कर्नल. शेजाऱ्यांकडून."

"तुझ्या बढतीसाठी तुझ्या गल्लीत विचारलं, आणि तुझं येणं-जाणं रिगोबेर्तोकडे, म्हणून झेनाइदाबाईलाही. ती म्हणते, गल्लीत कुणालाच पत्ता नव्हता. तू मात्र नऊ वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवतोस. मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंस?"

एलिसेओ दोन्हीकडून अडकला होता. खरं सांगावं तर लपवल्याचा गुन्हा, आणि खोटं तर पकडलं गेलंच होतं.

तो आता साखरेच्या गोदामावर पहारा देतो. एका सकाळी पावाच्या रांगेत त्याला भट्टीवर राबणारा रिगोबेर्तो दिसला. झेनाइदाबाई त्याची थट्टा करत होती, अख्खी रांग हसत होती, आणि नेरेइदा हातातल्या रुमालाने त्याच्या कपाळावरचं पीठ पुसत होती. एलिसेओकडे कुणी पाहिलंही नाही.

मेल्याचं सगळं हिरावलं तरी काहीच कसं कमी झालं नाही, या विचाराने एलिसेओ पाव न घेताच परत फिरला.