बांधाकडच्या ओळी

मी मल्लव्वा. वळसंगच्या शिवारात आमची जमीन. माझ्या पोटी दोन निपजली, थोरला सिद्धप्पा आन धाकटा शिवू. दोघांची रानं शेजारी, मधी एक बांध, विहीर एकच. एक आठवडा थोरल्याची पाण्याची पाळी, दुसरा धाकट्याची. वाटणीपासनं शिवू भावाशी धड बोलत नव्हता. बांध सरकवला म्हणं! बांध हाय तितंच हाय, ह्याचं डोकंच सरकलंय. रागात मातर माझ्यावर गेलाय, कुणाला बोल लावू?

यंदा शिवूच्या मक्याला तुरा सुटला, कणसास्नी केस आले, आन पाळी आली थोरल्याची. त्या वक्ताला पाणी चुकलं की कणसाचं बोळकं व्हतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठावं. सिद्धप्पा आपणहून बांधावर आला.

"शिव्या, माझा मका मागास हाय, अजून तुरा न्हाय त्याला. माझी पाळी तू घे की."

"तुझ्या उपकाराचं पाणी नगं मला. मी फवारणीवर निभावतो."

आन ह्या शहाण्यानं काय करावं? ऐन उन्हात पाठीला पंप अडकवला आन पाण्यात विरघळणारं खत मापाच्या दुप्पट घेऊन तहानलेल्या मक्यावर मारलं. मी कोकलत व्हते, "मेल्या, आदी पाणी, मग फवारा! उपाशी लेकराला मिरची चारतोस व्हय?" पण ऐकंल तर शिवू कसला.

दुसऱ्या दिवशी पानं करपली. आदल्याच दुपारी सिद्धप्पानं बांधावरच्या गवतावर तणनाशक मारलं व्हतं. झालं! शिवूनं खोरं उचललं आन पळत सुटला. मी मागं.

सिद्धप्पा वाकून दारं धरत व्हता, पाटाचं पाणी सरीत वळवत व्हता.

"माझ्या मक्यावर इख उडवलंस!"

पहिला घाव खांद्यावर बसला. सिद्धप्पा वळला. "आरं खुळ्या, बघ तरी आदी..." दुसरा डोक्यात बसला. नारळ फोडावा तसा आवाज आला. मी शिवूच्या हाताला लोंबकळले, मनगटाला कडकडून चावले. त्यानं मला झिंजाडून चिखलात फेकलं आन तिसरा घातला. तो आडदांड सिद्धप्पा बांधावर आडवा झाला, त्याच्या वजनानं बांध खचला आन पाटाचं लाल पाणी शिवूच्या मक्यात शिरलं.

तवा माझी नजर त्या मक्यावर गेली. आग लागो माझ्या डोळ्यांस्नी, आदी का न्हाय गेली!

मी शिवूचे केस धरले आन फरपटत बांधापाशी आणला. "बघ, भाड्या, बघ! ह्या बांधाकडच्या ओळी बघ!" त्या ओळी हिरव्यागार व्हत्या. करपला व्हता तो पल्याडचा मका. "इख बांधावरनं आलं असतं तर ह्या आदी जळाल्या असत्या. भावाचं पाणी हितं पाझरलं म्हणून ह्या जगल्या. बाकीचा तू जाळलास, तुझ्या फवाऱ्यानं!" मी पायातली चप्पल काढून त्याचं तोंड फुटंस्तवर मारलं. त्यानं हात वर केला न्हाय.

सिद्धप्पाचं डोकं मी मांडीवर घेतलं. "अव्वा," एवढंच म्हणाला. सोलापूर येईस्तवर जीपमधीच गेला.

फौजदारानं इचारलं, कुणी मारलं? गावकरी माझ्याकडं बघाया लागले, म्हातारी झाकंल म्हणून. मी म्हणलं, "माझ्या पोरानं माझं पोर मारलं. लिवून घ्या." शिवूला नेलं. मी दारातबी आले न्हाय.

मका कुणी बघितला? कुणीबी न्हाय. काढणीला थोरली सून, दानेश्वरी, आन मी दोघीच गेलो. पांढऱ्या कपाळाची पोर ती, गुमान कणसं मोडत व्हती. मधीच थांबली. शिवूच्या रानातलं एक कणीस सोललं, दुसरं सोललं, तिसरं सोललं. शेंड्यापतुर गच्च दाणा. पानांचे नुसते शेंडे करपले व्हते. बांध खचला त्या दिवशीचं पाणी ऐन वक्ताला मिळालं, आन मका भरला व्हता.

दानेश्वरीनं ते कणीस माझ्या हातात ठिवलं.

"आत्या, मका तर लई चांगला आलाय की. मग माझा नवरा कशापायी मारला?"