वेणूबाईंची तासाभराची बैठक

वारज्याच्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी सात ते आठ ध्यानाची बैठक असते. वेणूबाई तिथे जाऊ लागल्या त्या निवृत्तीनंतर. चौतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात उभ्याने काढलेल्या या सिस्टरना बसणं मात्र काही जमेना. दहा मिनिटांत पाऊल बधिर व्हायचं, मग मांडीत आग पडायची, आणि विसाव्या मिनिटाला त्या डोळे किलकिले करून भिंतीवरचं घड्याळ बघायच्या.

बैठक घेणारी अक्षता वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने दोनदा खुर्ची सुचवली. वेणूबाईंना ते लागलं. गुडघे त्यांनी डॉक्टरांना दाखवले होते. सांधे ठणठणीत होते. दुखणं सवय नसल्याचं आहे, हाडाचं नाही, असं वेणूबाईंनी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं.

"मग ताई, दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?" अक्षताने शांतपणे विचारलं.

कुठे दुखतं, टोचतं की ठणकतं, हे वेणूबाईंनी आयुष्यभर पेशंटना विचारलं होतं. स्वतःला कधीच नाही.

पुढच्या रविवारी त्या दोन उशा घेऊन उंच बसल्या, म्हणजे गुडघे जमिनीला टेकले. आग सुरू झाली, तेव्हा दात आवळायचं सोडून त्यांनी तिची नीट चौकशी केली. उजव्या मांडीची बाहेरची बाजू. जळतंय. आता खाली सरकलं. आता नुसता ठणका. मग ध्यानात आलं, की मांडीपेक्षा जबडा आणि खांदेच जास्त ताठलेत. ते त्यांनी सैल सोडले. दुखणं गेलं नाही, पण सोसवेना असंही राहिलं नाही. पाऊल पार बधिर झालं तेव्हा त्यांनी हट्ट केला नाही. पाय हळूच लांब केला, मुंग्या ओसरू दिल्या, पुन्हा दुमडला.

घंटा झाली, तेव्हा आपण घड्याळ बघितलंच नाही, हे त्यांना कळलं.

घरी मुलगा धम्मदीप लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने गुडघ्यांची खबर विचारली.

"पूर्ण तास बसले," वेणूबाई म्हणाल्या. "एकदाच हलले, तेही ठरवून."

धम्मदीपने लॅपटॉप मिटला. "मला मीटिंगमध्ये वीस मिनिटं बसवत नाही, आई."

"दिसतंय ते," म्हणत वेणूबाई ताठ मानेने चहा टाकायला गेल्या. त्या दिवशी दवाखान्यातल्या तीन जुन्या मैत्रिणींना त्यांनी आपणहून फोन करून पूर्ण तासाची बातमी दिली.