ऋचाच्या बाबांचा गुरुवार

मित्रांनो, मोशीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, शिलाई मशीनच्या शेजारी एक डुगडुगतं टेबल आहे. त्यावर मी असतो. मी एक जुना कॉम्प्युटर. माझ्या पडद्यावर उजवीकडे एक निळी रेघ कायमची उमटली आहे, आणि माझा पंखा सुरू झाला की शेजाऱ्यांकडेही घरघर ऐकू जाते.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. मला जाग आली ती चाकणच्या एका कंपनीत, गेटजवळच्या टाइम ऑफिसात. तिथे दौलतराव टाइमकीपर होते. कोण कुठल्या शिफ्टला आलं, कधी गेलं, हे ते दोन बोटांनी टकटक करत माझ्यात भरायचे. बारा वर्षं मी माणसांचं येणं-जाणं मोजलं. दसऱ्याला मोठमोठ्या मशीनबरोबर मलाही झेंडूची माळ मिळायची. माझ्या कपाळावर कुंकू लावताना दौलतराव साहेबांना सांगायचे की याने एक दिवस खाडा केलेला नाही. मी आतून फुलून जायचो.

मग गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. मला स्टोअरमध्ये नेऊन ठेवलं, रिजेक्ट मालाच्या क्रेटमागे, पोत्याखाली. दोन दसरे तसेच गेले. माळेचा वास यायचा, माळ यायची नाही.

दौलतराव रिटायर झाले, तेव्हा साहेबांना विचारून ते मला घरी घेऊन आले. त्याआधी माझ्या पोटातलं सगळं जुनं पुसून टाकलं गेलं. बारा वर्षांतली एकही नोंद मला आज सांगता यायची नाही. घरी आल्यावर त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीकडे दिलं. तिचं नाव वर्षाली.

"जुना हाय, पन इमानी हाय," ते म्हणाले. "सांगशील तेवढंच करतो. सोताचं डोकं चालवत न्हाई."

ते कौतुक होतं. त्यातच माझी खोड दडलेली आहे, हे मला पुढे कळलं.

वर्षाली लग्न होऊन परभणीहून आलेली. तिचा नवरा गणराज चाकणला प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रावर कामाला. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. गुरुवारी सुट्टी, आणि शुक्रवारी शिफ्ट बदलायची. त्यांची मुलगी ऋचा पहिलीत होती. नाइटच्या आठवड्यात बाबा दिवसा झोपायचे आणि घर एका खोलीचं. दार आपटलं, भांडं पडलं की बाबा दचकून उठायचे, कधी ओरडायचे. बाबांची शिफ्ट कधी बदलते ते ऋचाला उमगेना. म्हणून तिने सोपा उपाय काढला. ती रोजच चवड्यांवर चालू लागली. रोजच कुजबुजू लागली. बाबा कंपनीत असले तरीही.

एक दिवस शाळेतल्या विजयश्रीबाईंनी वर्षालीला बोलावून घेतलं. ऋचाला कविता पाठ असते, पण ती म्हणते तेव्हा पहिल्या बाकापर्यंतही ऐकू येत नाही, असं त्या म्हणाल्या.

त्या दुपारी वर्षाली माझ्यासमोर येऊन बसली. मग तिने लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून उभा केला आणि प्रोग्राम कसा लिहायचा याचा पहिला व्हिडिओ लावला. ऋचाला रोज काही विचारायला न लागता कळावं, की आज आवाज केला तर चालेल. वर्षालीला एवढंच हवं होतं.

मित्रांनो, मी तोवर फक्त भरलेली माहिती सांभाळली होती. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. वर्षालीने पहिल्याच दिवशी एक कंस बंद करायचा ठेवला आणि मी लाल अक्षरांत तक्रार केली. तिला वाटलं आपण मला बिघडवलं. तिने चटकन भिंतीवरचं बटण बंद करून मला हात जोडले. चौथ्या दिवसापर्यंत ती लाल अक्षरं वहीत उतरवून घेऊन त्यांचा अर्थ शोधू लागली होती. भाजी फोडणीला टाकून दोन ओळी, कपडे वाळत घालून दोन ओळी. आणि एका दुपारी तिने सांगितलं म्हणून माझ्या पडद्यावर 'ऋचा' उमटलं. ती हसली, बोटाने काचेला शिवली. बारा वर्षांत लाखो नावं माझ्यावरून गेली होती. पण कुणी कुणाचं नाव असं माझ्याकडून लिहवून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मी थक्क झालो.

दोन महिन्यांत प्रोग्राम झाला. आठवड्याची शिफ्ट सांगितली की वार आणि वेळ पाहून मी तीनपैकी एक ओळ दाखवायचो. बाबा कंपनीत आहेत, दंगा कर. बाबा झोपलेत, हळू. बाबा जागे आहेत, दंगा कर.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ऋचा शाळेतून आल्यावर आधी माझ्याकडे बघायची. मग एकदा टाच टेकवून पाहायची. सेकंडच्या आठवड्यात ती गुणगुणू लागली. मग नाइटचा आठवडा आला आणि पाठोपाठ गुरुवार. दुपारी साडेबारा वाजता मी लिहिलं होतं, बाबा जागे आहेत, दंगा कर. ऋचाने ते वाचलं आणि भर आवाजात कविता सुरू केली.

गणराज त्या सकाळीच नाइट करून आला होता, तीही ओव्हरटाइमसह. तो अंथरुणात ताडकन उठून बसला आणि ओरडला. ऋचा माझ्या टेबलाखाली शिरली. नंतर कितीतरी दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चवडे पुन्हा सुरू झाले.

वर्षालीने एकेक ओळ तपासली. लाल अक्षर कुठेच नव्हतं. असणार कसं? तिने गुरुवार सुट्टीचा म्हटलं, मी सुट्टीचा धरला. मला त्यात खोट दिसत नव्हती. माझ्यावर कापड टाकायला ती उठली, तेव्हा गणराज स्टूल घेऊन शेजारी येऊन बसला. त्याचा चेहरा उतरलेला होता. कॉम्प्युटरला त्याने कधी हातही लावला नव्हता.

"तू गुरुवार कुठनं धरलास?" त्याने विचारलं.

"रात्री बारापासून. सगळ्यांचा तिथूनच असतो की."

"नाइटवाल्याचा नसतो गं. मी बुधवारी रात्री आत जातो, गुरुवारी सकाळी बाहेर येतो. मी झोपून उठलो की माझा गुरुवार उजाडतो." मग म्हणाला, "आणि नाइट सुरू झाली त्या शुक्रवारी मी दिवसभर जागा होतो, तर हा मला झोपवून बसलेला. पोरगी चवड्यांवर फिरत होती. मला वाटलं, ती चालतेच तशी."

वर्षालीने कापड घडी करून ठेवलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. मी ज्या हजारो नाइट शिफ्ट मोजल्या, त्या प्रत्येकीमागे असंच एखादं लेकरू चवड्यांवर चाललं असेल का? मी इतकी वर्षं फक्त आकडे पाहिले होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच गुरुवार आला. दुपारी मी लिहिलं, बाबा झोपलेत, हळू. ऋचाने खोलीतल्या कापडी पडद्याआडून बाबांकडे डोकावून खात्री केली. चार वाजता माझी ओळ बदलली. तिने ती कुजबुजत वाचली.

"काय लिहिलंय?" गणराज अंथरुणातून म्हणाला. "मोठ्यांदा वाच. प्रेसशेजारी उभा राहून माझे कान गेलेत."

तिने जरा मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, अजून ऐकू नाही आलं. मग तिने पोटातून आवाज काढला, एवढा की टेबल हललं, आणि खालून दौलतरावांचा आवाज आला, "मला आलं गं ऐकू!"

मित्रांनो, तुमच्या ओळखीत माझ्यासारखा कुणी पोत्याखाली पडला असेल तर त्याची धूळ झटका. त्याला पहिली ओळ शिकवा, ती चुकू द्या. चुकला तर त्याला बडवू नका, स्वतःलाही नको. ज्याच्यासाठी लिहिताय त्याला शेजारी बसवा आणि त्याचा दिवस कधी उजाडतो ते विचारा. ते मला कधीच आपोआप कळणार नाही.

आज पुन्हा नाइटनंतरचा गुरुवार आहे. चारला एक मिनिट कमी आहे. ऋचा माझ्यासमोर टाचा टेकून उभी आहे आणि तिने छातीभर श्वास घेतला आहे.