पिन जागच्या जागी

मी एका जुन्या विमानाचा पुढचा पाय आहे. तुम्ही मला 'चाक' म्हणाल, कारण तुम्हाला पायातलं तेवढंच दिसतं. मित्रांनो (असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, आपली मैत्री अजून व्हायची आहे), आता मी एका प्रशिक्षण शाळेच्या दालनात उभा आहे. तुमच्यासारखी मुलं येतात, माझ्या रिमवर पाण्याच्या बाटल्या ठेवतात आणि विमान कसं उडतं ते विचारतात. उडतं कसं! उडणं काय, पाचोळाही उडतो. जमिनीवर धड उतरणं हे काम आहे, आणि ते मी आणि माझे मागचे दोघे थोराड भाऊ करत होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापवून, ठोकून, घासून मला घडवलं. विमानाला जोडलं तेव्हा शेजारी पंख होते. त्यांचा तोरा काय सांगू! सगळे फोटो त्यांचेच. प्रवासी खिडकीतून बघणार ते पंखांकडे, टाळ्या वाजवणार त्या वैमानिकाला. आणि मी? विमान वर गेलं की मला दुमडून पोटात कोंबायचं आणि वर दार लावायचं. वर्षानुवर्षं मी अंधारात बसून ढग ऐकले. बघायला कधी मिळाले नाहीत.

माझ्या गुडघ्याशी एक सांधा आहे. कोपरासारखा दुमडतो. वरचा दांडा आणि खालचं चाक यांना तोच एका दिशेला धरून ठेवतो. सांध्यात बोटाएवढी जाड पिन असते. ती काढली की चाक मोकळं होतं आणि वाटेल तिकडे फिरतं. आमचं हँगर होतं अरुंद, त्यात कोपऱ्यात खांब. विमान बाहेर काढायचं म्हणजे ट्रॅक्टरने मला पार आडवं वळवावं लागे, म्हणून दर वेळी पिन काढायची आणि बाहेर आलं की परत घालायची. एवढंच काम.

हे काम दादा नावाचा मेकॅनिक करत असे. दादा कामाचा कमी आणि चहाचा जास्त. पण पिन काढली की तो ती पॅंटच्या खिशात टाकायचा. का, ते त्यालाही ठाऊक नसावं. त्याच्या वस्तादाने तसं केलं, म्हणून यानेही केलं. पिन मांडीला अशी टोचायची की माणसाला धड बसता येऊ नये. चहाच्या बाकावर टेकला की "आई गं!" म्हणून उठायचा, मला शिव्या घालत यायचा आणि पिन जागेवर बसवायचा. अशा रीतीने दादाच्या डोक्यापेक्षा त्याच्या मांडीवर आमचं विमान चालत होतं.

मग नवे साहेब आले. साहेबांना स्वच्छतेचं वेड. त्यांनी हँगरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'प्रत्येक वस्तू जागच्या जागी'. काचेचं कपाट आणलं, त्यात मखमल घातलेले ट्रे आणि ट्रेमध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा. माझ्या पिनेलाही एक खळगा मिळाला. माझा दांडा त्यांनी इतका घासून घेतला की त्यात तोंड दिसावं. मी काय आरसा होतो?

"खिशात कसल्या पिना घेऊन फिरता?" साहेब दादाला म्हणाले. "हे काय सायकलचं दुकान आहे? ट्रेमध्ये ठेवायची."

"ठेवतो की," दादा म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं."

त्या 'तुम्ही म्हणाल तसं'मध्ये केवढी खुन्नस होती, ते मला तिथेच कळलं. साहेबांना कळलं नाही. ते पाटीवरची धूळ पुसत होते.

काही आठवड्यांनी साहेबांची आई आली. बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या, आणि तेही लेकाच्या हँगरमधल्या विमानात. साहेब सकाळपासून नुसते भिरभिरत होते. आईला त्यांनी कपाट दाखवलं, पाटी दाखवली, माझा दांडा दाखवला. आई म्हणाल्या, "लहानपणी तुझ्या चपला शोधताना माझा जीव जायचा. सुधारलास बाबा!" साहेबांची छाती फुगली.

दादाने पिन काढली आणि हुकमाप्रमाणे मखमलीत ठेवली. सांधा उघडा लोंबू लागला. साहेबांना लोंबणारं काही चालत नसे, म्हणून दादाने तो पट्टीने वर नीट बांधला. ट्रॅक्टरवाल्याने मला आडवं-तिडवं वळवून बाहेर काढलं आणि पिन दादा घालेल असं समजून तो निघून गेला. दादा चहाला गेला. बाकावर आरामात बसला. मांडीला काही टोचलं नाही.

आता उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासायचं काम को-पायलटचं. आमच्या या पोराला सगळे 'हिरो' म्हणत. हिरो माझ्यापुढे आला, वाकला, माझ्या चकचकीत दांड्यात बघून त्याने केस सारखे केले आणि "ओके" म्हणून गेला. बांधलेला सांधा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता.

कॅप्टन बाई अनुभवी होत्या. त्यांची खुर्ची माझ्या डोक्यावरच, त्यामुळे वरचं बोलणं मला सगळं ऐकू येई. धावपट्टीकडे जाताना मी त्यांचं ऐकेना. त्यांनी मागच्या भावांचे ब्रेक आळीपाळीने दाबून विमान वळवलं आणि म्हणाल्या, "आज जरा जड चाललंय." वेग वाढला तसा मी थडथडायला लागलो. जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडलो. बाई म्हणाल्या, "ही धावपट्टी कधी नीट करणार आहेत कोण जाणे!" म्हणजे दोष धावपट्टीचा. पायाचा सल्ला घ्यायची माणसांना सवयच नाही.

जमीन सुटली आणि वाऱ्याने मला गर्रकन आडवं केलं. पोटात घ्यायला गेले तर मी दारात अडकलो. बाईंनी मला परत खाली सोडलं. समोर तिन्ही हिरवे दिवे लागले.

"पाय खाली आहेत, लॉक आहेत," हिरो म्हणाला. "सगळं ठीक आहे, मॅडम."

"मग वर का जाईना?" बाई म्हणाल्या.

दिव्याला एवढंच कळतं की पाय खाली आहे. तो कुठे तोंड करून आहे, ते दिव्याला कळत नाही. बाईंनी विमान विमानतळाच्या टॉवरसमोरून अगदी कमी उंचीवरून नेलं. टॉवरमधल्या माणसाने दुर्बिणीतून पाहिलं आणि रेडिओवर सांगितलं. "कॅप्टन, पुढचं चाक आडवं आहे. पूर्ण आडवं."

हिरोने त्यानंतर केसांना हात लावला नाही.

इथून पुढे मात्र मला बाईंबद्दल वाईट बोलता येत नाही, याचं मलाच वाईट वाटतं. त्यांनी घाई केली नाही. घिरट्या घालून इंधन कमी केलं. पुढच्या प्रवाशांना उठवून मागे बसवलं, म्हणजे माझ्यावरचा भार हलका होईल. साहेबांच्या आई "मला खिडकीच हवी" म्हणून भांडल्या, ते मला खालपर्यंत ऐकू आलं. बाईंनी सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की पुढचं चाक वाकडं आहे, ठिणग्या उडतील, आवाज होईल, कोणी उठायचं नाही. मग आवाज खाली आणून हिरोला म्हणाल्या, "नाक शेवटपर्यंत वर धरायचं. ब्रेकला हात लावायचा नाही. तू फक्त वेग वाचत राहा."

मागचे भाऊ टेकले. मी हवेत. बाईंनी मला धरून ठेवलं, धरून ठेवलं, वेग पार ओसरेपर्यंत धरून ठेवलं. मग अलगद खाली सोडलं. टायर फुटला, त्याच्या चिंध्या झाल्या आणि रिम डांबराला लागली. मित्रांनो, मला दुखलं. फार दुखलं. आग माझ्या अंगातून निघत होती आणि वर माणसं बसली होती. मी मोडलो असतो तर विमान नाकावर आपटलं असतं. त्या क्षणी मला दादा, साहेब, हिरो, सगळ्यांचा संताप आला होता. पण त्या म्हाताऱ्या बाईला खिडकी हवी होती, एवढंच डोक्यात राहिलं. मी मोडलो नाही.

थांबलो तेव्हा मी अर्धा झिजलो होतो. बंबवाल्यांनी माझ्यावर फेस मारला आणि माणसं उतरवली. तेवढ्यात साहेब धावत आले. टॉवरचा निरोप ऐकताच त्यांना कपाट आठवलं असणार, कारण पिन त्यांच्या मुठीत होती. पायात एकच बूट होता. दुसरा कुठे पडला त्यांना माहीत नव्हतं.

"आई, लागलं नाही ना गं कुठे?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या हातात काय ते?"

"पिन आहे. याच्या पायातली." साहेबांनी मूठ उघडली. "कपाटातच होती, आई. जागच्या जागी होती."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. पट्टी जळून गेली होती, सांधा उघडा लोंबत होता. त्यांनी त्यातल्या रिकाम्या छिद्राकडे बोट केलं.

"मग हे भोक कशासाठी ठेवलंय रे?"

साहेब माझ्यापुढे मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. दादा लांब उभा राहून स्वतःचा रिकामा खिसा चाचपत होता.

परवा माझ्या मागच्या भावाचं एक चाक इथे आणलं, त्याच्याकडून कळलं की आता विमान बाहेर काढताना साहेब स्वतः येतात आणि नव्या पायाची पिन स्वतःच्या खिशात ठेवतात. बाकावर एका कुल्ल्यावर बसतात. एवढी अक्कल यायला मला झिजावं लागलं, त्याचं मी कौतुक करणार नाही.

आणि ही शाळा? इथल्या शहाण्यांनी मला पुसलं, रंगवलं, उभं केलं, समोर माहितीचा फलक लावला. शेजारी काचेची पेटी ठेवली. तिच्यात मखमल आहे आणि मखमलीवर ती पिन. पेटीला कुलूप आहे. मुलं तिचे फोटो काढतात. माझ्या सांध्यातलं भोक अजून रिकामंच आहे, आणि हे शहाणे माझ्या पुढ्यात उभं राहून काळजी घेण्याविषयी भाषणं देतात.

मित्रांनो, मला हार नको, रंग नको, टाळ्या तर नकोतच. बाटल्याही ठेवा हव्या तर. तुमच्यापैकी कोणाला कधी त्या पेटीची किल्ली मिळाली, तर तेवढी पिन काढा आणि माझ्या पायात घाला.