तटावरची पिवळी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे. पण पावसाशी माझे फारसे देणेघेणे नाही. माझी नेमणूक माणसे सांभाळण्यासाठी! समुद्राकाठी, चहूबाजूंनी तटबंदी असलेल्या एका जुन्या शहरात मी एका गाईडताईंच्या हातात असते. प्रवासी जहाज धक्क्याला लागले, की पाहुणे दिवसभरासाठी शहर बघायला उतरतात. ताईंचा नियम ठरलेला: मिटलेली छत्री उंच दिसली की मागोमाग चालायचे, उघडलेली दिसली की असाल तिथून येऊन जमायचे.

नवी होते तेव्हा कळ दाबताच मी फट्कन उघडत असे. "छत्री होती म्हणून आम्ही चुकलो नाही," असे पाहुणे म्हणत आणि मी फुगून जाई. छत्रीला तेवढेच तर येते! पुढे खाऱ्या वाऱ्याने काड्या गंजल्या, कळ अडकू लागली. "तेलाचा एक थेंब सोडायला हवा," असे ताई रोज म्हणत आणि मला दाराआडच्या खिळ्याला अडकवत. तेलाची बाटली समोरच्याच फळीवर होती. मला ती दिसे, ताईंना कामाच्या धबडग्यात दिसत नसे.

एकदा जहाजातून एक आजी-आजोबा उतरले. आजींना अलीकडे विसरायला होत असे. "ती सगळं विसरायच्या आत तिला जग दाखवून घेतोय," आजोबा ताईंना हळूच म्हणाले. चढावर आजी दमल्या, तेव्हा ताईंनी मला त्यांच्या हातात दिले. "आजी, टेकायला असू द्या. मी आज रुमाल हलवते." आणि त्या बाकीच्यांना घेऊन पुढे झाल्या. चौकातल्या कारंज्यापाशी आजोबा म्हणाले, "अगं, छत्री धरून इथेच बैस हं. तेवढ्या कमानीचा फोटो काढून आलोच."

आजी थोडा वेळ बसल्या. मग कुणीतरी बोलावल्यासारख्या उठल्या आणि भलत्याच गल्लीत शिरल्या. मला त्या शहराचा दगडन् दगड पाठ; पण सांगणार कशी? वर माझी ख्याती अशी, की आमच्यातलेच टोपीवाले काका मला बघून निमूट मागे आले! वाळत घातलेल्या चादरींपाशी आजी उजवीकडे वळल्या, तेव्हा छत्री ताईंच्या हातात नाही हे काकांना दिसले आणि ते ओशाळून माघारी फिरले.

पायऱ्या चढून आजी तटावर पोहोचल्या. तिथून सगळे दिसत होते. धक्क्यावर पांढरे जहाज उभे होते. त्यात दोघांचे सामान होते, आजींची औषधे होती. खाली आजोबा सैरावैरा धावत होते. आजी भांबावल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "ही उघडली की सगळे येतात," त्या पुटपुटल्या. सकाळपासूनचे सारे पुसले गेले होते, तेवढे एक मात्र लक्षात राहिले होते!

त्यांनी कळ दाबली. मी हलले नाही. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. "उघड गं बाई!" मी जिवाच्या आकांताने अंग ताणले, पण गंजापुढे माझे काय चालणार? आजोबा अगदी आमच्या खालून हाका मारत गेले. वारा उलटा होता. आजींना ऐकू आले नाही, आणि आजोबांनी मान वर केली नाही.

जहाजाचा भोंगा झाला. जहाज धक्क्यापासून सुटले.

"किती छान जहाज!" आजी हसून म्हणाल्या. "आपण कधी जायचं त्यातून?"

"जाऊ की, उद्या," मागून धापा टाकत आवाज आला. आजोबा जहाजावर चढलेच नव्हते. टोपीवाल्या काकांनी जाता जाता गल्ली दाखवली होती.

"अहो, होतात कुठे? ही उघडतच नाही. केव्हाची तुम्हाला बोलावतेय!"

आजोबांना हुंदका आवरेना. त्यांनी मला काखेत मारले आणि आजींचा हात दोन्ही हातांत धरला. तो हात त्यांनी पायऱ्या उतरेपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या हातात छत्री देऊन निर्धास्त होऊ नका. आणि कुणी अडले असेल, तर तेलाचा थेंब वेळेवर सोडा. त्या संध्याकाळी डोळे पुसत ताईंनी फळीवरची बाटली काढली. आता मी पुन्हा फट्कन उघडते. पण आजींनी कळ दाबली होती, ती त्या दुपारी.