गाडी लगेच सुरू होत असल्याबाबत

नवा पंप बसला आणि पिकअप पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पण हे अजून झालेलंच नाही, असं धरून चालू. अजून पंपवाल्या बाई चिंधीने जुन्या डिझेल पंपावरची पाटी पुसताहेत, आणि टेबलाच्या अलीकडे दोन भाऊ आणि मध्ये थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, असे तिघे एका बाकावर बसले आहेत.

बाकावर पाच जण सहज मावले असते. पण भावाभावांत तीन माणसांची जागा सोडायची पद्धत पडून गेली होती, आणि वहिनीला ती एकटीने भरून काढावी लागे.

“पाटीवरचा नंबर काय?” बाईंनी विचारलं.

थोरल्याने तळहात पुढे केला. त्यावर पेनाने नंबर लिहिला होता. धाकट्याने मोबाइलमधला फोटो पुढे केला. दोन्हींत एक आकडा वेगळा होता.

“वहिनी, दादाला सांगा, फोटो खोटं बोलत नाही.”

“त्याला सांग, फोटोत तेलाचा डाग आलाय.”

“दोघांचं म्हणणं आहे की तुम्हीच बघा,” वहिनीने बाईंना सांगितलं. निरोप पोचवताना त्यातली मिरची काढून ठेवायची तिला दोन वर्षांत सवय झाली होती.

बाईंनी पाटी उजेडात धरली. नंबर दोघांचाही चुकला होता.

“यांना एकमेकांचं ऐकू येत नाही का?”

“येतं. बोलणं बंद आहे. काचा पोचवायचा धंदा आमचा. एका सलूनचा मोठा आरसा वाटेत फुटला, तेव्हापासून. दोर कुणी बांधला होता ते अजून ठरायचंय.”

“मी नाही,” थोरला म्हणाला.

“मी तर नाहीच,” धाकटा म्हणाला.

दोघांनीही हे बाईंना सांगितलं. बाईंनी साक्षीदारासारखी मान हलवली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर तीन पंप मांडले. पहिला खोक्यातला, नवा कोरा. दुसरा त्यांनी स्वतः उघडून, सील बदलून, मशीनवर फिरवून तपासलेला. तिसरा भंगारात निघालेल्या गाडीचा. त्याच्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

“सकाळी सुरू कशी करता?”

“हे बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबत बसतात. भावजी किल्लीवर. हे म्हणतात, ‘मार सेल’. भावजी म्हणतात, ‘मारतोय’. हे म्हणतात, ‘थांब’. ते म्हणतात, ‘थांबलो’. पाच मिनिटं चालतं.”

“म्हणजे बोलतात की.”

“तेवढंच,” वहिनी म्हणाली. “मी तेवढ्यासाठी खिडकी उघडी ठेवते.”

दोन्ही भावांना अचानक भिंतीवरच्या नटबोल्टांच्या तक्त्यात फार रस निर्माण झाला.

“जुना पंप रात्रभर हवा ओढतो, म्हणून ही कसरत,” बाई म्हणाल्या. “नवा लावलात की किल्ली फिरवायची आणि निघायचं. बॉनेटला हात लावायला नको. एक माणूस पुरे.”

“एक माणूस पुरे,” वहिनीने दोन्हीकडे बघून सांगितलं. दोन वर्षांत हा पहिलाच निरोप होता, ज्यातून तिला काही काढावं लागलं नाही.

“दुरुस्त केलेलाही तसाच चालेल. टिकेल जरा कमी, एवढंच.”

“आणि हा?” वहिनीने तिसऱ्याकडे बोट केलं.

“हा तुमच्या जुन्याचा सख्खा भाऊ. हाही हवा ओढणार.”

“म्हणजे रोज हातपंप.”

“रोज.”

वहिनीने तो उचलून मांडीवर घेतला. कपड्यांना तेल लागत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“चढावर बंद पडेल,” बाई म्हणाल्या. “मागे काय असतं, म्हणालात?”

“काच.”

“मग?”

वहिनीने तिसरा पंप वर्तमानपत्रावर परत ठेवला. त्याच क्षणी दोन्ही भावांनी खोक्याकडे बोट दाखवलं. मग दोघांना एकमेकांचं बोट दिसलं आणि दोघांनीही ते मागे घेऊन कान खाजवला. पण उशीर झाला होता.

“नवा द्या,” वहिनी म्हणाली. “आज एकमत झालंय. उद्याचं मी सांगू शकत नाही.”

आणि मग, झालेलं नाही असं आपण धरून चाललो होतो, ते झालं. सकाळी थोरल्याने सवयीने बॉनेट उघडलं आणि हातपंपावर अंगठा ठेवला. धाकट्याने किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं.

“मार सेल,” थोरला म्हणाला. तोवर गाडी धडधडत होती.

धाकट्याने किल्लीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. थोरल्याने बॉनेट लावलं. गाडी काचा घेऊन फाटकाबाहेर पडली. वहिनीने खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी ती पंपाचं वॉरंटी कार्ड फाइलला लावायला म्हणून गाडीतून काढायला गेली. ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात थोरल्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

‘गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. पंपात अन्य दोष नाही. सबब, रोज सकाळी पाच मिनिटे गाडी सुरू होणार नाही, अशी व्यवस्था करून मिळावी, ही विनंती.’

वहिनीने ते दोनदा वाचलं. फाइलला लावलं नाही. किल्लीशेजारी, धाकट्याच्या गुडघ्यासमोर येईल असं खोचून ठेवलं आणि घरात येऊन खिडकी उघडली.

चौथ्या दिवशी त्याच रकान्यात, जागा पुरत नव्हती म्हणून कडेने वर चढत गेलेल्या तिरप्या अक्षरात, पुढचा मजकूर आला होता:

‘वरील तक्रारीशी सहमत. दोर मी बांधला होता; त्याचा प्रस्तुत तक्रारीशी संबंध नाही. थंडीच्या दिवसांत सदर मुदत दहा मिनिटे करण्यात यावी, ही विनंती.’